मध्याचा मोह

गेल्या महिन्यांत रनाळ्यास आमच्या ओसरीवर नातीनें बुद्धिबळाचा पट मांडला. शाळेच्या स्पर्धेची तिची तयारी चालली आहे. पहिल्या खेळींत तिनें राजाकडील घोडा काढला. पुढील दोन खेळींत वजिराकडील उंटापुढचें व त्याच्या शेजारचें प्यादें दोन दोन घरें सरकविलें. मधलीं प्यादीं जागच्या जागीं! माझ्यांतील मास्तर जागा झाला. "अग, आधीं मध्य धर, कडेला काय ठेविलें आहे?" असें मीं दटाविलें.

"आजोबा, हा रेतीचा डाव आहे," ती म्हणाली. मला नदीकांठची वाळूच आठवली!

मग तिनें सारा डाव मांडून दाखविला. न्यूयॉर्क येथें १९२४ सालीं अकरा खेळाडूंची स्पर्धा झाली. तींत २२ मार्च रोजीं रिचर्ड रेती याची गांठ जगज्जेत्या कापाब्लांकाशीं पडली. हा जगज्जेता १९१६ पासून एकही डाव हरला नव्हता. रेतीनें मध्य न व्यापतां दोन्ही उंट दोन बगलांस घोड्यांपुढील घरांत बसविले. तेथून दोघांचाही तिरपा रोख मध्यावरच होता. सोळाव्या खेळीस त्यानें वजिरापुढचें प्यादें मध्यांत लोटलें, आणि एकतिसाव्या खेळीनंतर कापाब्लांकानें हार मानिली. स्पर्धा लास्करनें जिंकली, रेती पांचवा आला. परंतु लोकांच्या स्मरणांत राहिला तो हा डाव.

आपणांस याचें नवल वाटूं नये. आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादें एकेकच घर चाले. मध्यावर एकदम झेप घेण्याची सोय नव्हती. म्हणून उंट बगलेस बसविणें आपल्या खेळाडूंच्या अंगवळणीं पडलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेनसाहेबाशीं असेच डाव खेळत. अशा कित्येक मांडण्यांस पाश्चात्त्य ग्रंथांत अद्यापि 'इंडियन' हेंच नांव आहे.

मात्र दुरून रोख ठेवणें म्हणजे दुर्लक्ष करणें नव्हे. ती सोळावी खेळी वेळेवर न होती, तर उंट कोपऱ्यांत नुसतेच बसून राहते.

आम्हां वडीलधाऱ्यांसही मध्याचा मोह फार. घरांतील प्रत्येक गोष्टींत आम्हीं मधोमध असावें असें वाटतें. स्पर्धेच्या दिवशीं नातीच्या पाठीशींच खुर्ची टाकून बसावयाचें मीं ठरविलें होतें. आतां मी बाहेर व्हरांड्यांत बसेन. तिला गरज भासली, तर हांकेच्या अंतरावर आहेंच.