इशारा : क्रूझचं भाडं उतरलं म्हणून प्रवाशाचं डिपॉझिट जप्त होऊ देणार नाही

परदेशी क्रूझचं बुकिंग घेणाऱ्या, डिपॉझिट स्वतःच्या खात्यात जमा करणाऱ्या आणि पुढे भाडं कमी झाल्यावर प्रवाशाला ‘जुनं रद्द करा, डिपॉझिट विसरा, नव्याने पैसे भरा’ असं सांगणाऱ्या मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकमधल्या एजंटांना हा जाहीर इशारा आहे. हा प्रकार आजपासून बंद करा. ज्यांचे पैसे असे अडकवलेत, त्यांचा लेखी हिशेब पंधरा दिवसांत द्या. हे आम्ही सांगतोय, म्हणजे डिपॉझिट गमावलेले प्रवासी आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले ग्राहक कार्यकर्ते.

प्रकार असा चालतो. दिवाळीच्या सुट्टीत घरात बेत ठरतो, पुढच्या उन्हाळ्यातली व्हँकुव्हरहून निघणारी अलास्काची किंवा बार्सिलोनाहून निघणारी भूमध्य समुद्रातली सफर नक्की होते, डिपॉझिट भरलं जातं. जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांचा सवलतींचा हंगाम. धंद्यात त्याला ‘वेव्ह सीझन’ म्हणतात. त्यात तेच जहाज, तीच तारीख, तीच बाल्कनी केबिन स्वस्त झालेली दिसते. प्रवासी एजंटला फोन करतो आणि त्याला उत्तर मिळतं की एकदा झालेलं बुकिंग बदलता येत नाही.

हे उत्तर बहुतेक वेळा खोटं असतं. मोठ्या अमेरिकी क्रूझ कंपन्यांकडे वैयक्तिक बुकिंगमध्ये फायनल पेमेंटच्या तारखेपर्यंत, जहाज आणि तारीख तीच असेल तर, त्याच बुकिंग नंबरवर नवं भाडं लावून मिळतं. डिपॉझिट जागचं हलत नाही, फक्त उरलेली रक्कम कमी होते. फायनल पेमेंट साधारणपणे जहाज सुटण्याच्या 75 ते 120 दिवस आधी असतं, म्हणजे वेव्ह सीझनमध्ये उन्हाळी सफरींची मुदत बहुधा शिल्लक असते. ‘नॉन-रिफंडेबल’ डिपॉझिटलाही हे लागू पडतं. सफर रद्द केली तर पैसे परत मिळणार नाहीत, एवढाच त्या अटीचा अर्थ. त्याच सफरीचं भाडं बदललं म्हणून पैसे बुडाले, असं ती अट म्हणत नाही. बदलाचा दंड सहसा लागतो तो जहाज किंवा तारीख बदलली तर.

आकड्यांत मांडतो. दोघांचं डिपॉझिट प्रत्येकी 250 डॉलर, म्हणजे 500. भाडं माणशी 200 डॉलरने उतरलं. सरळ मार्गाने गेलं तर जोडप्याचे 400 डॉलर वाचतात. एजंटच्या मार्गाने गेलं तर 400 वाचवायला 500 गमवावे लागतात. मग ते जोडपं मुकाट्याने जुन्या भाड्यावर राहतं, आणि जास्त भाड्यावरचं जास्त कमिशन एजंटला मिळतं. भाडं माणशी 300 ने उतरलं, तर 600 च्या जागी 100 हातात पडतात आणि रद्द शुल्काच्या नावाखाली 500 डॉलर कुणाकडे गेले ते कळत नाही.

ते कळू नये अशाच पावत्या दिल्या जातात. आमच्यापुढे ठेवलेल्या एका पावतीवर छापील लेटरहेड आहे, खाली ‘क्रूझ ॲडव्हान्स’ आणि रुपयांतली रक्कम, त्याखाली बॉलपेनने ‘नो रिफंड’ आणि त्यावर रबरी शिक्का. क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर नाही, जहाज सुटण्याची तारीख नाही, केबिनचा प्रकार नाही, फायनल पेमेंटची तारीख नाही. दुसरी पावती नंतरची, त्याच सफरीची. तिच्यात ‘कॅन्सलेशन चार्जेस’ या एका ओळीत आख्खं डिपॉझिट वळतं केलंय. कंपनीने हे पैसे कापल्याचा कागद मागितला, तर ‘सिस्टीममध्ये आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. सिस्टीममध्ये असेल तर तो कागद छापून द्या. आमची पहिली मागणी तीच आहे.

दुसरी मागणी डॉलरच्या दराची. भाडं डॉलरमध्ये उतरतं, पण रुपयांचं बिल तेवढंच राहतं, कारण मधल्या मध्ये विनिमय दर बदलून लावलेला असतो. कोणत्या दिवशी कोणता दर लावला, हे बिलावर लिहा. परदेशी सहलीवर वसूल केलेला टीसीएस हा करसुद्धा नव्या रकमेशी जुळला पाहिजे. प्रवाशाच्या पॅनवर तो प्राप्तिकर खात्याकडच्या वार्षिक करपत्रकात दिसतो, त्यामुळे तिथे लपवाछपवी चालणार नाही.

काही एजंट गटासाठी केबिन आधी उचलून ठेवतात आणि त्यांना कंपनीचे वेगळे नियम लागतात. मान्य. मग डिपॉझिट घेण्यापूर्वीच ते लिहून द्या. पैसे घेताना गप्प बसायचं आणि भाडं उतरल्यावर गटाचं कारण पुढे करायचं, हे चालवून घेतलं जाणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(46) : समोरच्याच्या प्रत्यक्ष नुकसानीशी कसलंही प्रमाण नसलेला दंड ग्राहकावर लादणारा करार अन्यायकारक ठरतो. कलम 2(47) : बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भारतीय करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. त्याच जहाजावर, त्याच दिवशी जाणाऱ्या प्रवाशामुळे तुमचं कोणतं नुकसान झालं, हे ग्राहक आयोगासमोर तुम्हालाच सांगावं लागेल. अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, सेवेतल्या त्रुटीची जिल्हा आयोगाकडे. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. प्रवाशाला तुमच्या शहरातही यावं लागत नाही. तो राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल होते.

आता प्रवाशांना बजावतो, कारण घाईत स्वतःच्या हाताने नुकसान करून घेणारेही आहेत. भाडं उतरलेलं दिसलं की आधी बुकिंग रद्द करू नका. एजंटमार्फत असो की थेट कंपनीच्या संकेतस्थळावर, रद्दचं बटण दाबलंत की डिपॉझिटवरचा तुमचा दावा कमकुवत होतो आणि केबिनही हातची जाते. नवं भाडं कर आणि बंदर शुल्कासह दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि ‘याच बुकिंग नंबरवर हे भाडं लावा’ असं ईमेलने कळवा. नुसतं फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. नव्या भाड्यात काय जातं तेही विचारा : ड्रिंक्स पॅकेज, वायफाय, जहाजावर खर्चायची रक्कम जुन्या ऑफरमध्ये असेल आणि नव्यात नसेल, तर स्वस्त भाडं महागात पडतं. ‘गॅरंटी’ केबिन घेतलीत तर केबिन कंपनी ठरवणार, हे धरून चाला. सुधारित कन्फर्मेशनवर जुनाच बुकिंग नंबर आणि भरलेलं डिपॉझिट दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका. फायनल पेमेंटची कंपनीची तारीख स्वतः काढा. एजंट सांगतो ती पुष्कळदा बरीच आधीची असते.

सगळ्यांसाठी आम्ही भांडणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. फायनल पेमेंट झाल्यावर भाडं उतरलं, तर फरक देणं बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असतं. नॉन-रिफंडेबल डिपॉझिटची अट वाचून, सही करून, स्वस्त दर पदरात पाडून ज्याने नंतर सफरच रद्द केली, त्याचा दावा आम्ही हाती घेणार नाही. फक्त नव्या ग्राहकांसाठीच्या ऑफरवर जुन्या बुकिंगचा हक्क सांगणाऱ्याचाही नाही. प्रामाणिक एजंट आहेत; प्रवाशाने न विचारता भाडं उतरवून देणारे आहेत. त्यांना या इशाऱ्याने घाबरायचं कारण नाही.

बाकीच्यांनी मुदत लक्षात ठेवावी. हा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांत प्रत्येक प्रवाशाला कंपनीची मूळ आणि सुधारित बिलं द्या, आणि कंपनीने न कापलेला प्रत्येक रुपया त्याच्या खात्यात परत करा. सोळाव्या दिवशी वकिलाची नोटीस निघेल. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर एकेका पावतीची स्वतंत्र तक्रार दाखल होईल, आणि रकमेवर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च मागितला जाईल. तडजोडीसाठी खासगीत फोन करू नयेत, उत्तर लेखीच द्यावं.

प्रवाशांनो, तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ज्यांचं डिपॉझिट असं गेलंय, त्यांनी पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप आजच एका ठिकाणी काढून ठेवा.