काटकसरीचा पक्ष आणि उसनवारीचे पाणी

उजव्या विचारांच्या पक्षाकडून मतदार निदान एका गोष्टीची तरी अपेक्षा बाळगतो. हा पक्ष सरकारी तिजोरीवर हात राखून असेल, कर्जाला बिचकेल आणि आवक पाहून खर्च करील, असे त्याला वाटत असते. विरोधी बाकांवरून हे बोलणे सोपे जाते. त्याच पक्षाच्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली आली, म्हणजे काय घडते हे पाहायचे असेल, तर भंडारा जिल्ह्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. प्रा. महादेवराव शिवणकर यांची कारकीर्द या दृष्टीने कुणी अद्याप नीट तपासलेली दिसत नाही.

या जिल्ह्यात उजव्या पक्षाचे मूळ शेठ-सावकारांच्या पेढीवर रुजले, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. भंडारा हा दीर्घकाळ काँग्रेसचा बालेकिल्ला. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या पुरुषालाही येथे पराभव पाहावा लागला. अशा भूमीवर जनसंघाचे काम उभे केले ते प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांतील मंडळींनी. 1977 च्या जनता लाटेत भंडाऱ्याहून लोकसभेत गेलेले लक्ष्मणराव मानकर लोकांना ‘गुरुजी’ म्हणूनच परिचित होते, आणि शिवणकरांच्या नावामागेही ‘प्राध्यापक’ ही उपाधी अखेरपर्यंत राहिली. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या आमगाव मतदारसंघातून ते अनेकदा विधानसभेवर निवडून आले. 1989 मध्ये आणि पुन्हा 2004 मध्ये चिमूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. परंतु त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोजमाप 1995 ते 1999 या युती सरकारच्या काळातच करावे लागते. त्या सरकारात पाटबंधारे आणि अर्थ ही दोन्ही खाती त्यांनी सांभाळली. एक खाते पैसा मागणारे, दुसरे तो नाकारणारे. एकाच माणसाने दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहावे, असा योग राज्यकारभारात क्वचितच येतो.

पाटबंधाऱ्यांची निकड खोटी नव्हती. 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने महाराष्ट्राचा एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांचा ठरविला. त्यापैकी 1,246 कोटी एकट्या विदर्भाचा होता आणि त्यात सिंचनाचा वाटा मोठा होता. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसली होती. पण कोनशिलेने बांधी भिजत नाही. तिकडे कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने वाट्याला दिलेले पाणी मे 2000 पर्यंत अडवायचे होते, आणि न अडविल्यास ते शेजारी राज्यांकडे जाण्याची धास्ती होती. पैसा तर तिजोरीत नव्हता.

यावर युती सरकारने जो मार्ग काढला तो हिशेबाच्या दृष्टीने चतुर होता. राज्यघटनेच्या 293 व्या कलमान्वये केंद्राचे देणे असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज उभारता येत नाही. महामंडळावर असे बंधन नाही. म्हणून 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आणि पुढच्याच वर्षी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. कृष्णा खोऱ्याच्या महामंडळाने राज्याच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे बाजारात विकले. कर्ज महामंडळाच्या वहीत लिहिले गेले. अर्थसंकल्पाचे पान त्यामुळे स्वच्छ दिसले, एवढेच. धानाच्या किंवा उसाच्या पाणीपट्टीतून असे व्याज फिटत नाही, हे ज्याला त्रैराशिक येते त्याला कळण्यासारखे होते. ते देणे पुढे राज्याच्याच माथी आले.

यात शिवणकर किंवा त्यांचा पक्ष जगावेगळे वागला, असे नाही. अमेरिकेत रोनाल्ड रेगन 1967 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले ते सरकार आटोपशीर करण्याच्या घोषणेवर; पहिल्याच वर्षी त्यांनी त्या राज्याच्या इतिहासातील एक मोठी करवाढ मंजूर केली. तेथील बहुतेक राज्यांना जमाखर्चाचा मेळ कायद्याने घालावा लागतो, म्हणून ती पळवाट बंद होती. अर्थात स्वतंत्र प्राधिकरणे काढून कर्जरोखे विकण्याची विद्या त्यांनाही अवगत आहे. फरक इतकाच की रेगन यांना लोकांपुढे जाऊन ‘कर वाढवितो’ म्हणावे लागले. मुंबईत कुणाला काहीच म्हणावे लागले नाही.

एका मुद्द्यावर मात्र शिवणकरांच्या टीकाकारांनी सबुरी राखावयास हवी. राज्याची आर्थिक स्थिती खालावली ती केवळ रोख्यांमुळे नव्हे. पाचव्या वेतन आयोगाची वाढ त्याच सुमारास लागू झाली, आणि ती घेताना शिक्षक-कारकुनांपैकी कोणी तिजोरीची विचारपूस केल्याचे ऐकिवात नाही. विदर्भाच्या माणसाने पाण्यासाठी कर्ज काढले, तर ती उधळपट्टी आणि मुंबईतील उड्डाणपुलांसाठी काढले, तर तो विकास, असा न्यायही टिकणारा नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. जुने जपणे हेच ज्याचे तत्त्व, त्या पक्षाला जपण्याजोगे या जिल्ह्यात काय होते? पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, गावाने राखलेले. पाळ फुटली की बुजवायची, नहर तुंबली की उपसायची, रोवणीच्या वेळी पाणी कोणत्या बांधीला आधी, हे पंचांनी ठरवायचे. यात ना रोखे होते, ना हमी. भंडारा मध्य प्रदेशात असताना 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराची पिळवणूक संपली हे योग्यच झाले, पण तलावाची काळजी वाहणारा हातही त्याबरोबर गेला. लोक त्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात, ‘माजी मालगुजारी’चे ते लघुरूप, आणि मामाच्या मालमत्तेची जी गत व्हायची ती झाली. गाळ साचला, पाळीवर अतिक्रमणे आली.

काँग्रेसच्या राजवटींनी त्यांच्याकडे पाठ फिरविली, त्यात नवल नाही. मोठे धरण हा त्या पक्षाचा श्रद्धेचा विषय होता. तलावांच्या प्रदेशातून आलेल्या, परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याकडे मात्र पाटबंधारे आणि अर्थ ही दोन्ही दप्तरे असताना वेगळा हिशेब मांडता आला असता. त्या पाच वर्षांत राज्याचा कल महामंडळांकडे, म्हणजे पुन्हा मोठ्या धरणांकडेच राहिला. गाळ काढण्याच्या कामावर रोखे विकता येत नाहीत, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे असे की, तलावाच्या दुरुस्तीला कोनशिला लागत नाही. गोसीखुर्दचा मूळ अंदाज 372 कोटींचा होता. राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यावरही तो वाढत 18 हजार कोटींच्या पुढे गेला, आणि त्याचे अडीच लाख हेक्टरांचे ओलित कालव्यांच्या अपुऱ्या कामांपायी वर्षानुवर्षे मागे पडत राहिले. ज्या गावांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या, त्यांतील काहींना स्वतःचे तलाव होते.