स्मृतिभ्रंश आणि काकतालीय न्याय

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. आमची थोरली बहीण आक्का, हिच्या सोन्याच्या पाटल्या सांपडेनात. दोन दिवस शोधाशोध झाली आणि तिसऱ्या दिवशीं आक्कानें धाकट्या सूनबाईचें नांव घेतलें. सूनबाई माजघरांत जाऊन रडत बसली. संध्याकाळीं पाटल्या तांदळाच्या डब्यांत मिळाल्या. त्या तेथें कोणी ठेविल्या हें सांगावयास नकोच. आक्काला मात्र त्यांतलें कांहींच आठवेना, उलट, "माझ्या पाटल्या हरवल्याच कधीं होत्या?" असें तीच आम्हांस विचारूं लागली.

आक्काचें वय शहात्तर. घरांतल्या सर्वांच्या जन्मतिथि व श्राद्धतिथि तिला मुखोद्गत असत. आम्हीं पंचांग उघडण्याआधीं ती तिथि सांगे. तीन वर्षांपूर्वीं तिच्या कमरेला नागीण झाली, आणि त्यानंतर वर्षभरांत हें विसरणें सुरू झालें. यावरून घरांत दोन पक्ष पडले आहेत. पुतण्यांचें म्हणणें असें कीं, साठी बुद्धी नाठी, वयच तें. शिवाय त्यांत थोडें मुद्दामहि असावें. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, "हें सारें त्या नागिणीनें केलें." आम्ही पडलों संस्कृताचे शिक्षक. आम्हीं लागलीच काकतालीय न्याय पुढें केला. कावळा ताडावर बसावयास आणि ताडफळ खालीं पडावयास एकच गांठ पडली, तर तेवढ्यावरून फळ कावळ्यानें पाडिलें असें ठरत नाहीं. वाद आम्हीं जिंकला. परंतु पुढें या विषयावर थोडें वाचन केलें, तेव्हां कळून आलें कीं, सौभाग्यवतींचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें.

विषाणु मेंदूवर घाला घालूं शकतो ही गोष्ट नवी नव्हे. त्याचें एक उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राच्याच नांवावर आहे. १९६५ सालीं नागपूरकडील चांदिपुरा येथील तापाच्या रोग्यांच्या रक्तांत पुण्याच्या संशोधकांस एक नवा विषाणु आढळला. त्याला त्या गांवाचेंच नांव मिळालें. लहान मुलांच्या मेंदूला सूज आणून तो थोडक्याच दिवसांत त्यांचा प्राण घेऊं शकतो. हा उघड दरोडेखोर झाला. परंतु कांहीं विषाणु घरांत दडून बसणाऱ्या चोरासारखे असतात. वर्षानुवर्षें त्यांची चाहूलहि लागत नाहीं.

असा एक चोर आमच्या वर्गांत येऊन गेला. आम्हीं त्याला ओळखलें नाहीं. सन १९८६ च्या सुमारास आम्ही कळंब तालुक्यांत मांजरेकांठच्या एका खेड्यांत शिकवीत होतों. चौथींतील एक मुलगा पाढ्यांत सर्वांच्या पुढें असे. दिवाळीच्या सुटीनंतर तो तेराचा पाढा विसरला, मग नवाचा, मग पांचाचा. अक्षर बिघडलें. झटका बसावा तशी हातांतली पाटी मधूनच खालीं पडे. मुलगा व्रात्य झाला अशी आमची समजूत. आम्हीं त्याला अंगठे धरून उभें केलें, छडीहि मारली. पुढें त्याच्या वडिलांनीं त्याला सोलापुरास नेलें. तेथील डॉक्टरांनीं विचारलें, "याला लहानपणीं गोवर आला होता काय?" आला होता, वर्षाचा असतांना. तुळजापुरास आईची ओटी भरून घरचीं माणसें तो विसरूनहि गेलीं होतीं. विषाणु मात्र मेंदूंतून गेला नव्हता. दोन वर्षांच्या आंत तो मुलगा वारला.

गोवरानंतर फार थोड्या मुलांत असें होतें. विषाणु मेंदूंत टिकून राहतो, बहुधा सहा ते दहा वर्षांनीं डोकें वर काढतो, आणि मुलाची बुद्धि व स्मृति हिरावून नेतो. रोग जडल्यावर खात्रीचा उपाय आजहि नाहीं. गोवराची लस हाच बचाव. आपल्या देशांत तिचा राष्ट्रीय लसीकरणांत समावेश १९८५ सालीं झाला. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाळपणीं ती नव्हती.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्मृतिभ्रंशाचें मूळ क्रोध व मोह यांत दाखविलें आहे. तें विवेचन साधकासाठीं आहे, रोग्यासाठीं नव्हे. परंतु आपण घरोघरीं तेंच रोग्यास लावतों, आणि विसरणाऱ्याच्या स्वभावांत दोष शोधतों. आम्हीं तर छडी हातांत घेऊन शोधला.

आतां आक्काच्या नागिणीकडे वळूं. कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणु पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गांठींत निजून राहतो. उतारवयांत अंगांतील प्रतिकारशक्ति क्षीण झाली म्हणजे तोच एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनें बाहेर येतो; तीच नागीण. तिचें तोंड व शेंपूट जुळलें कीं मनुष्य दगावतो ही समजूत निराधार आहे. ताप येऊन गेल्यावर ओठांवर जे फोड उमटतात, त्यांचा विषाणु हा हिच्या विषाणूचाच भाऊबंद. १९९१ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें रूथ इत्झाकी व त्यांचे सहकारी यांनीं वृद्धांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंत या ओठांवरील फोडांच्या विषाणूच्या खुणा दाखविल्या. मात्र त्या खुणा स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांत होत्या, तशाच शेवटपर्यंत बुद्धि शाबूत असलेल्यांतहि होत्या! १९९७ सालीं त्यांनीं असें मांडलें कीं, हा विषाणु व एक विशिष्ट आनुवंशिक गुण एकत्र आले म्हणजे धोका वाढतो. तरीहि कावळा आणि ताड यांचा प्रश्न उरतोच.

कावळ्याचा दोष खरा कीं खोटा हें पाहावयाचें, तर एकसारखीं दोन ताडवनें घ्यावीं. एकांतून कावळे हांकून द्यावे, दुसऱ्यांत राहूं द्यावे, आणि पडलेलीं फळें मोजावीं. ब्रिटनमधील वेल्स प्रांतांत हें जणूं आपोआप घडून आलें. १ सप्टेंबर २०१३ पासून तेथें वृद्धांस नागिणीची लस देण्यास आरंभ झाला. नियम असा होता कीं, २ सप्टेंबर १९३३ रोजीं अथवा त्यानंतर जन्मलेल्यांस ती मिळावी. त्याआधीं जन्मलेल्यांस कधींच मिळूं नये. शाळाप्रवेशाच्या तारखेचा नियम असतो, तशांतलाच हा प्रकार. आतां एका आठवड्याच्या अंतरानें जन्मलेलीं माणसें आहारांत, शिक्षणांत वा संपत्तींत निराळीं कशीं असणार? भेद काय तो लसीचा. सात वर्षांनंतर मोजदाद करितां, लसीमुळें स्मृतिभ्रंशाचें प्रमाण सुमारें एक पंचमांशानें घटल्याचें आढळलें. स्त्रियांत हा लाभ अधिक दिसला. हा निबंध एप्रिल २०२५ मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. काकतालीय न्यायाला यापेक्षां चांगलें उत्तर आमच्या पाहण्यांत नाहीं.

तरी येथेंच निकाल लागला असें कोणी समजूं नये. लसीनें विषाणु दडपला म्हणून लाभ झाला, कीं तिनें एकंदर प्रतिकारशक्तीच जागी केली म्हणून झाला, हें अद्याप ठरलेलें नाहीं. दुसरें असें कीं, ओठांवरील फोडांचा विषाणु अंगांत असलेल्या व स्मृतिभ्रंश नुकताच सुरू झालेल्या रोग्यांस अमेरिकेंत सुमारें दीड वर्ष व्हॅलासायक्लोव्हिर हें विषाणुनाशक औषध देऊन पाहिलें. त्याचा उपयोग झाला नाहीं, असें २०२५ सालींच जाहीर झालें. चोर घर लुटून गेल्यावर कुलूप लावण्यासारखें तें झालें असेल, किंवा चोर निराळाच असेल.

आपल्या देशांत साठीपुढील लोकांपैकीं सुमारें ७·४ टक्के, म्हणजे अदमासें ८८ लक्ष माणसें, या व्याधीनें ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ज्या घरांत वडील माणसें आहेत, त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नागिणीचे फोड दिसतांच, शक्यतों पहिल्या ७२ तासांत, डॉक्टरांकडे जावें. गेरूच्या लेपांत व मंत्रांत तो वेळ दवडूं नये. पन्नाशीपुढील माणसांसाठीं नागिणीची नव्या प्रकारची लस २०२३ पासून आपल्याकडेहि मिळते. ती दोन वेळां घ्यावी लागते व महाग आहे. घरच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें विचार करावा. विसर पडूं लागला तर वय म्हणून सोडून न देतां रक्त तपासून घ्यावें. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, जी आपल्या शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते, तसेंच थायरॉइडचा मंदपणा, यांमुळेंहि विसर पडतो, आणि त्यांवर उपाय आहे. शिवाय कालपर्यंत ठीक असलेलें म्हातारें माणूस आज एकाएकीं असंबद्ध बोलूं लागलें, तर तो स्मृतिभ्रंश नसून लघवीचा अथवा छातीचा संसर्ग असूं शकतो. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

आक्काच्या रक्तांत बी-१२ कमी निघालें. तें भरून काढल्यावर तिची ग्लानि गेली. विसर थोडा कमी झाला, गेला नाहीं. नागिणीनेंच तिचें असें केलें काय, हें कोणी डॉक्टर सांगूं शकत नाहीं, आणि आम्हींहि आतां त्यावर वाद घालणें सोडलें आहे. पुतण्यांना मात्र एके रात्रीं जेवणानंतर जवळ बसवून त्या चौथींतल्या मुलाची हकीकत सांगितली. आजवर ती घरांत कोणास सांगितली नव्हती. त्यानंतर 'मुद्दाम' हा शब्द आमच्या घरांत ऐकूं आला नाहीं.

परवां पाटल्या पुन्हां हरवल्या. सूनबाईनें त्या डब्यांतून काढून आणल्या आणि म्हणाली, "आत्याबाई, मीच ठेविल्या होत्या, विसरलें." आक्कानें तिला विसराळूपणाबद्दल चार शब्द सुनावले व पाटल्या हातांत घातल्या. उत्तर खरें नव्हतें. तरी आम्ही आज वर्गावर असतों, तर त्याला पैकींच्या पैकीं गुण दिले असते.