ग्वाल्हेरचं पाणी आणि जड नायट्रोजन

आपल्या मराठी घरांत समुद्र म्हटला की डोळ्यांपुढे येतो अरबी समुद्र: मुंबईची चौपाटी, कोकणातलं कुलदैवत, गोव्याची सहल. ग्वाल्हेरचं पाणी मात्र तिकडे जात नाही. चंबळ आणि सिंध पचनद्याच्या आसपास यमुनेला मिळतात, यमुना प्रयागला गंगेला, आणि भिंड-मुरैन्याच्या शेतांतून वाहून गेलेला युरिया, थोडा का होईना, बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतो. तिथे त्याचं काय होतं, असं बारावीतल्या माझ्या भाच्यानं विचारलं. म्हणून या वेळचा विषय आयसोटोप.

नायट्रोजनचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, १४ वजनाचा हलका आणि १५ वजनाचा जड. जड अगदी थोडा, पावणेतीनशे अणूंमागे एखादा. दोन्ही किरणोत्सर्गी नाहीत, तेव्हा घाबरू नका.

अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. हे करताना ते हलका नायट्रोजन आधी उचलतात. दिवाळीच्या चिवड्याचा डबा आठवा. काजू-शेंगदाणे आधी संपतात, पोहे मागे राहतात, आणि डब्यात किती हात गेले हे आई उरलेल्या चिवड्यावरून बरोबर ओळखते. तसंच उरलेल्या नायट्रेटमध्ये जड नायट्रोजन किती वाढला, यावरून जिवाणूंनी किती फस्त केलं ते कळतं. ही खूण तळाच्या गाळातही उतरते. गेल्या हिमयुगात अरबी समुद्रात हा प्रकार बराच मंदावला होता, हे त्या गाळानंच सांगितलं. वायू केव्हाच उडून गेला, हिशेब मात्र राहिला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

बंगालच्या उपसागरातही मधला थर असाच, तरी तिथे नायट्रोजनची एवढी गळती होत नाही. का? १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आता गोव्यात दोना पावला इथे आहे. तिथले डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि डेन्मार्क-जर्मनीचे शास्त्रज्ञ यांनी तिथल्या पाण्याच्या बंद कुप्यांत मुद्दाम जड नायट्रोजनची संयुगं घातली आणि कोणता वायू निघतो ते पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. वायू करणारे जिवाणू तिथे हजर आहेत, पण पाण्यात प्राणवायूचा पुसट अंश उरलेला आहे, लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तेवढ्यावर दुसरे जिवाणू नायट्राइटचं पुन्हा नायट्रेट करून टाकतात आणि पहिल्यांच्या ताटात फारसं काही उरत नाही.

नद्यांतून खत वाढलं की शेवाळ वाढतं, ते कुजताना प्राणवायू खातं. तो शेवटचा अंश संपला तर समुद्राचं खत तिथूनही उडू लागेल, आणि वाटेत नायट्रस ऑक्साइड सुटू शकतो. वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापवतो.

बारावीनंतर रसायनशास्त्र घेणाऱ्यांसाठी एक माहिती: समुद्रातल्या आयसोटोपांचं काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही चालतं. ग्वाल्हेरहून तिथे जायला रेल्वेचा एका रात्रीचा प्रवास पुरतो.