अंतर्गळाचे निदान आणि सोनोग्राफी

जांघेतील गाठ लुंगीआड लपवून वर्षानुवर्षे वावरणारी माणसे आपल्या किनारपट्टीवर थोडी नाहीत. माडावर चढणारा पाडेली असो वा रापणकार, दुखणे असह्य झाल्याखेरीज तो डॉक्टरांची पायरी चढत नाही. आणि चढलाच, तर पुष्कळदा अंगाला हात लागण्यापूर्वीच त्याच्या हाती सोनोग्राफीची चिठ्ठी पडते. हा क्रम आम्हांला उलटा वाटतो.

अंतर्गळ, ज्याला आता सर्वजण हर्निया म्हणतात, तो बहुधा उघड्या डोळ्यांना दिसतो. रुग्णाला उभे करावे, जांघेवर हात ठेवून खोकायला सांगावे; गाठ बोटांना धक्का देते, आडवे होताच बहुधा आत जाते. एवढ्यावर निदान होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शल्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांचा अभिप्रायही हाच आहे. मग एका दिवसाची मजुरी बुडवून त्या गरिबाने कागद आणावा तो कशासाठी?

सोनोग्राफीची खरी गरज निराळ्या ठिकाणी आहे. जांघ दुखते, पण गाठ हाताला लागत नाही, असा रुग्ण. अंगाने स्थूल रुग्ण. आणि विशेषतः स्त्रिया. स्त्रियांना हा विकार पुरुषांच्या मानाने पुष्कळच कमी होतो, म्हणून त्यांच्या बाबतीत तो मनातही आणला जात नाही. परंतु मांडीच्या मुळाशी, रक्तवाहिनीच्या कडेने उतरणारा अंतर्गळ स्त्रियांत अधिक आढळतो, आणि त्यात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे भयही अधिक. तेथे चालढकल जिवावर बेतते. ज्या यंत्राच्या दुरुपयोगामुळे मुलींच्या रक्षणासाठी १९९४ साली कायदा करावा लागला, ते यंत्र येथे तरी स्त्रीच्या कामी यावे!

मात्र ही तपासणी उरकून चालत नाही. रुग्णाला केवळ निजवून पाहिले, तर अंतर्गळ नजरेतून निसटू शकतो. त्याला उभे करून, जोर करायला लावूनच पाहिले पाहिजे. उलट, पुरुषाला कसलाच त्रास नसता यंत्राने टिपलेला लहानसा अंतर्गळ ही शस्त्रक्रियेच्या घाईची सबब नव्हे. उत्तर अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्रास नाममात्र असलेल्यांनी देखरेखीखाली थांबणे सुरक्षित ठरले. पुढे त्यांतील अनेकांनी शस्त्रक्रिया करून घेतली, ती मुख्यतः वेदनेमुळे. स्त्रियांना मात्र हा निष्कर्ष लावू नये.

सरकारी आरोग्य केंद्रांत जांघ तपासण्यापुरता आडपडदा आणि शक्य तेथे स्त्री डॉक्टर, एवढी व्यवस्था सरकारने केली तरी निम्मा संकोच गळेल. आणि गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सोनोग्राफीची तारीख धरून बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.