बटणामागचा आदेश कोणाच्या हाती?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकची ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणाली त्याआधीची; केरळच्या शाळांत तर मुक्त प्रणाली केव्हाच रुळली आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या स्वातंत्र्याची खरी परीक्षा सामान्य वापरकर्ता बटण दाबतो तेव्हा होते.

डेबियन कुळातील संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी ‘सिनॅप्टिक’ हे चित्रमय साधन वापरता येते. आदेश टंकण्याऐवजी यादीतून निवड करायची; आतले काम ‘एपीटी’ ही यंत्रणा करते. त्यात आपल्या देशाला विशेष उपयोगी अशी एक सोय आहे. ज्या संगणकाला इंटरनेट नाही, त्याला लागणाऱ्या पॅकेजांची डाउनलोड-स्क्रिप्ट ते तयार करून देते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन जोडणी असलेल्या ठिकाणी जायचे, पॅकेजे उतरवायची आणि परत येऊन बसवायची.

मात्र त्या स्क्रिप्टमध्ये उतरवण्यासाठी ‘डब्ल्यूगेट’ हा एकच आदेश ठरलेला असतो. दुसऱ्या यंत्रावर तो नसून केवळ ‘कर्ल’ असेल, तर? मॅकओएसवर मुळात हीच स्थिती असते. फाइल साध्या मजकुराची असल्याने जाणकार ती हाताने बदलेल; पण ज्याच्यासाठी बटण निर्माण झाले, त्या शिक्षकाचे काम तेथेच अडते.

म्हणून चित्रमय साधनांनी आपले आदेश बदलता येतील असे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे अशक्य नाही. आर्च लिनक्सवरील ‘ऑक्टोपी’मध्ये वापरकर्त्यांच्या भांडारासाठी कोणते साधन वापरायचे, ते निवडता येते. खुद्द ‘एपीटी’तही पॅकेज बसवण्यापूर्वी वा नंतर आपले आदेश चालवण्याची सोय आहे. पाया इतका लवचीक असताना वरचा मजला ताठर का असावा?

यावर सुरक्षेचा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पॅकेज बसवणारा आदेश सर्वाधिकारासह चालतो. तो कोणालाही बदलता आला, तर संगणक परक्याच्या हाती जाईल. पण यावर उपाय आहेत. असे आदेश केवळ प्रशासकाला लिहिता येईल अशा फाइलीत असावेत, चालवण्यापूर्वी पडद्यावर पूर्ण दिसावेत आणि मूळ स्थितीला परतण्याची सोय असावी. स्क्रिप्टमधील डाउनलोडच्या आदेशाला तर सर्वाधिकार लागतही नाहीत. तेथून आरंभ करण्यास काय हरकत आहे?

सार्वजनिक पैशातून शाळा व कार्यालयांसाठी प्रणाली घडवणाऱ्या संस्थांनी ही अपेक्षा आपल्या निकषांत लिहावी, आणि केलेली सुधारणा मूळ प्रकल्पाकडेही पाठवावी. आपल्या संस्थेत अशी साधने वापरात असतील, तर कोणता ठरीव आदेश आपल्याला अडवतो, ते अवश्य कळवावे.