कोसा नुसता मोजून देऊ नका, पारखून द्या



पेरू देशात अल्पाका म्हणून उंटाच्या कुळातलं जनावर पाळतात. लोकर मऊ, हलकी अन् गरम. पण विकायच्या आधी तिथं बारीक तंतू वेगळा, जाड तंतू वेगळा करतात, अन् भावही वेगळा लागतो. आपल्या भंडारा जिल्ह्यातला कोसा मात्र हजारावर मोजला, पोत्यात भरला अन् दिला, असं बरेच जण करतात. मला हे पटत नाही.

तुतीचं रेशीम घरात पिकतं. कोशाची अळी ऐन-अर्जुनाच्या झाडावर, उघड्यावर वाढते. आपले ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या पाखरं अन् मुंग्या हाकलत तिची राखण करत आले. कोसा असतो कडक, अंड्यासारखा, देठानं फांदीला लटकलेला. सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सोडत नाही. तुतीचा तंतू दोन-तीन डेनिअरचा, तर कोशाचा आठ-दहाच्या घरात. चकाकी कमी, पण तंतूत बारीक पोकळ्या असतात म्हणून कापडात हवा खेळते. रंग जन्माचाच, मधासारखा. त्याला तुतीपेक्षा हलका म्हणणारे दोन वेगळे माल एकाच मापानं मोजतात, दुसरं काय!

अख्ख्या, कडक कोशाचा धागा सलग निघतो. आंधळगाव-मोहाडीकडच्या करवती साडीला तोच लागतो. पाखरू बाहेर पडलेला कोसा सलग सुटत नाही. त्याचं हातानं ओढून घिचा सूत काढतात, जाडंभरडं, शालीला अन् जाकिटाला झकास. म्हणजे फुटकाही वाया जात नाही, पण चांगल्यात मिसळला की चांगल्याचा भाव पाडतो.

म्हणून घरीच तीन ढीग करा: अंगठ्यानं दाबून न दबणारे, दबणारे अन् फुटके. माल थांबवायचा असेल तर आतला किडा वाफेनं मारून कोसे खडखडीत वाळवा. नाही तर पाखरू निघून फुटतील, किंवा बुरशी धरेल.

बाजारात टसरच्या नावावर पॉलिस्टरही खपते. एक धागा जाळून पाहा. खऱ्याला केस जळल्याचा वास येतो अन् राख बोटानं चुरते. खोटा वितळून त्याचा कडक मणी होतो.

अन् धानवाल्यांनो, शेजारच्या ऐनावर अळ्या असतील तर फवारणीआधी राखणदाराला सांगा. वारा तिकडं वाहत असेल तर त्या दिवशी पंप घरीच राहू द्या.